शाळेमागचं पाणी

मरायच्या आदल्या दिवशी आबा विहिरीच्या पाण्यावर पालथे तरंगत होते आणि काठावर बसलेल्या कुणालाही त्याची काळजी वाटत नव्हती. डोळ्यांवर निळ्या रबरातली काच, तोंडात वाकडी नळी, कमरेला बैलाचा जुना कासरा. कासऱ्याचं दुसरं टोक काठावरच्या दगडावर बसलेल्या आईच्या हातात. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून विहिरीत उतरायला तिची ही अट होती, आणि फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले लालासाहेब, म्हणजे आमचे आबा, ती मुकाट पाळत होते.

मधूनच ते मान वर काढत, नळी थुंकत आणि खालची खबर देत.

"काय दिसतंय का?" भाऊसो तात्यांनी वरून विचारलं. तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. साताऱ्याला असतात, पण आमच्याकडे मटण असलं की त्यांना गावाची ओढ लागते.

"मोटारीचा पाइप दिसतोय. शेवाळ हाय. आन एक बादली हाय."

"कसली बादली?" शेजारचा कोंडीबा उठून उभा राहिला.

"पितळंची. कडी तुटल्याली."

ती कोंडीबाची बादली होती, आणि ती आमच्या आईनं लंपास केली असा त्याच्या घराचा कित्येक वर्षांचा पक्का समज होता. त्यापायी दोन्ही घरांनी एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठवणं बंद केलं होतं.

"मंजी वैनीनं न्हवती घेतली," कोंडीबा म्हणाला.

"तवा न्हवती घेतली," आई म्हणाली. "पर आता घेणार हाय. आवं, आणा ती वर."

कडेगाव तालुक्यातला ऊसवाला शेतकरी भर दुपारी नळी तोंडात धरून विहिरीत पालथा पडतो, याला कारण माझा भाऊ ऋषिराज. तो पुण्यात असतो. आईवडिलांवर प्रेम करायला त्याला वेळ मिळत नाही, म्हणून मिळेल तेव्हा तो ते घाऊक करून टाकतो. यंदा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजाची तिकिटं काढली आणि त्यांना सांगायच्या आधी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. आई, आबा, तो आणि मी. त्याच्या बायकोला सुट्टी मिळत नव्हती, असं ती म्हणाली.

जहाज लक्षद्वीपच्या एका बेटापाशी दिवसभर थांबणार होतं आणि तिथे स्नॉर्कलिंग करता येणार होतं. म्हणजे पाण्यावर पालथं पडून नळीतून श्वास घेत खालचे मासे बघत राहायचं. हे गावाला समजावता समजावता आबा दमले, आणि समजल्यावर गावाचं मत पडलं की मासे बघायचेच असतील तर शनिवारी बाजारात दिसतात, आणि तिथे नळी लागत नाही.

जहाजाच्या कंपनीची सोय होती. बोटीत बसवून खोल पाण्यात न्यायचं, अंगात जाकीट चढवायचं, घोळक्यानं उतरवायचं. ज्याला ती नको त्यानं बेटावर जावं आणि आपल्या हिमतीवर किनाऱ्यावरून पाण्यात शिरावं.

"जाकीट घालून पाण्यात उतरायचं मंजी रेनकोट घालून आंगुळ," आबा म्हणाले आणि कंपनीचा विषय संपला. प्रश्न उरला तो किनाऱ्यावर नेमकं कुठे, हा.

त्या बेटावर राहणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ आबांना सापडला होता. त्यात तीन जागा होत्या: जेट्टीच्या पायऱ्या, दीपगृहाखालची खडकाळ बाजू आणि शाळेच्या मागचा उथळ किनारा. माणूस मल्याळीत बोलत होता. आबांना मल्याळी येत नव्हतं, पण फौजेत राहिलेल्या माणसाला कुठल्याही भाषेतली जमीन कळते असं त्यांचं म्हणणं होतं. त्या रविवारी बादली वर आणल्यावर ते अंग पुसून काठावर बसले, फोन मधे ठेवला आणि सभा भरली. मुलीचं स्थळ बघताना आमच्याकडे एवढी चौकशी झाली नव्हती. हे मी अनुभवानं सांगते.

"जेट्टी," तात्या म्हणाले. "पाणी खोल हाय. वरनं उडी टाकता येती. त्ये शाळंमागचं तर म्हशी बसवायचं पाणी. गुडघा बुडंना त्यात."

"तितं बसायला काय हाय?" आबांनी विचारलं.

"बसायला? समुद्रात जाऊन बसायचं कशाला दादा? उडी टाकायची."

फोनवर पुण्याहून ऋषिराज होता. तो चेहरा कमी आणि कपाळ जास्त दाखवत बोलतो. "आबा, दीपगृह. लोकांनी पाचपैकी जवळजवळ पाच तारे दिलेत. पोवळी एकदम काठाला आहेत."

"तितं बसायला काय हाय?"

"आबा, बीच आहे. वाळू असते. कुठंही बसता येतं."

"हूं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू सांग की, उत्कर्षा. एवढी वाचतीस."

मी सांगलीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. मी वाचलेल्या पुस्तकांत समुद्र भरपूर होते. वादळी, शांत, रूपकात्मक. त्यातल्या एकाही समुद्रानं मला कधी ओलं केलं नव्हतं, आणि आमचं तसं बरं चाललं होतं.

"तुम्ही ठरवाल तिथं," मी म्हणाले.

"हिला काय इचारताय," तात्या म्हणाले. "हिला कुटंबी सोडा. लहानपणापासनं हिला पाण्याचं भ्या न्हाई."

"न्हाईच," आबा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना अभिमान आला. तो बघून मी दर वेळी विषय बदलायची. त्या दिवशीही बदलला. जेवायचं काय ते विचारलं.

त्या अभिमानाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावातल्या तीन पिढ्यांना आबांनी याच विहिरीत पोहायला शिकवलं. रजेवर असताना शिकवलं, निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला कासरा, आणि काठावरच्या त्या दगडावर टोक धरून आबा. पोरगं हातपाय मारायला लागलं की ते हळूच कासरा सैल करत. पोरांना ते बरोबर कळायचं. मग विहिरीतून एकच आवाज घुमायचा: आबा, दोर सोडू नगा. गावातला प्रत्येक माणूस एकेकाळी हे ओरडलेला आहे. यंदाचे सरपंच ओरडले होते. पोलिसात गेलेला वीरधवल तर इतका ओरडला होता की रस्त्यावरची एसटी थांबली.

मी ओरडले नाही. मी सात वर्षांची होते, सुभेदाराची मुलगी होते, आणि काठावर सगळी गल्ली बसली होती. मी तोंड मिटून गटांगळ्या खाल्ल्या. आबांनी त्याचा अर्थ काढला की हिला भीती नाही, आणि माझा दोर त्यांनी सगळ्यांच्या आधी सोडला. पुढं कित्येक वर्षं ते पाव्हण्यांना सांगत, "सगळी वरडली. आमची उत्कर्षा मुकाट पार झाली." मी पार झाले हे खरं आहे. पुढं कॉलेजला गेल्यावर मी पुन्हा कधी पाण्यात उतरले नाही, हेही खरं आहे. वाचायला फार असतं, असं मी सांगायची.

सभा उठली तेव्हा उन्हं कलली होती. "मग काय ठरलं?" तात्यांनी विचारलं.

"उद्या सांगतो," आबा म्हणाले. उसाची जात असो की जावई, आबा कुठल्याही गोष्टीवर एक रात्र जाऊ देत आणि दुसऱ्या दिवशी सांगत. आईनं ती पितळी बादली चिंचेनं घासायला घेतली होती. मी संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला निघाले. आबांनी नेहमीसारखं फाट्यापर्यंत सोडलं आणि गाडी दिसताच नेहमीसारखे माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उसाला पाणी पाजायला गेले, बांधावर टेकले आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी कारण इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे सगळ्यांना जरा बरं वाटलं. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला की सोन्यासारखं मरण आलं. सोन्यासारखं मरण आलेल्या घरात बसून चहा घेता घेता लोकांनी ऊसतोड कधी येणार याची चौकशी केली. मी कपबशा विसळत राहिले. माझे कोरडे डोळे बघून एक मावशी म्हणाली की शिकलेल्या मुलींना रडू येत नाही. कोंडीबा तेवढा बादली मागायला आला नाही, याची मी नोंद घेतली.

जहाजाचा विषय कुणी काढणार नव्हतं. पण आबांनी त्यांची किटबॅग त्या रविवारी रात्रीच भरून ठेवली होती. फौजेची सवय, प्रवास महिन्यावर असला तरी बॅग दारामागे तयार. आई रोज तिच्यावरची धूळ पुसायची आणि परत तिथेच ठेवायची.

"ती रिकामी करायला हवी," एकदा ऋषिराज म्हणाला.

"त्येंनी भरलीया," आई म्हणाली. "मी कशी मोकळी करू? जिथं जायाचं म्हणून भरली तितं गेल्यावरच मोकळी हुईल."

तात्या हादरले. "वैनी, वरीस व्हायचंय अजून. सुतकातल्या माणसानं जहाजावर नाचायला जायाचं? लोकं काय म्हणतील?"

"नाचतंय कोण? आन भावजी, एक जागा मोकळी हाय. त्येंची. तुमी येताय का?"

धर्मशास्त्राचा एवढ्या वेगानं फेरविचार झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. "आता जागा मोकळी ठेवणं बी बरं न्हवं," ते म्हणाले.

मग सुरू झालं ते. आबा गेल्यावर त्यांचं मत सगळ्यांना कळायला लागलं. तात्यांना ते जाण्याआधी खासगीत म्हणाले होते, जेट्टी. ऋषिराजला फोनवर म्हणाले होते, तू म्हणतोस तेच बरोबर, दीपगृह. जिवंतपणी ज्या माणसानं कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, त्यानं एका रात्रीत दोघांना दोन वेगळी उत्तरं देऊन ठेवली होती. गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली तेव्हाही पुढच्या सीटवर जेट्टी आणि मागच्या सीटवर दीपगृह असा वाद चालू होता. मधे आई, मांडीवर किटबॅग घेऊन.

बंदरावर सामान तपासतात. आमच्या वेळी ते सरकत्या पट्ट्यावरून गेलं आणि किटबॅग थांबली. तपासणीच्या माणसानं हातमोजे घातले, बॅग टेबलावर ठेवली आणि चेन उघडली. आई जी बॅग उघडत नव्हती ती एका अनोळखी माणसानं सगळ्यांच्या देखत मोकळी केली. लुंगी. बनियन. भडंगाचा पुडा. काच आणि नळी. गुंडाळलेला कासरा. आणि तळाला, घासूनपुसून, झाकणं घट्ट लावलेले तेलाचे दोन रिकामे डबे.

त्या माणसानं डबा हलवून पाहिला, हुंगला. "ये किसलिए?"

"तैरने के लिए," आई म्हणाली. फौजेच्या क्वार्टरात काढलेल्या वर्षांमुळे तिची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे.

"माताजी, जहाज पर लाइफ जॅकेट हैं."

"वो डूबने के बाद का है. ये डूबने के पहले का है."

त्यानं वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठानं आणखी एकाला बोलावलं. रिकामा डबा धोकादायक वस्तूंत बसतो की नाही, यावर चर्चा झाली आणि बसतो असं ठरलं. ऋषिराज या सगळ्या वेळात आमच्याबरोबर नसल्यासारखा दुकानाची पाटी वाचत उभा होता.

"और ये रस्सी?"

"कपडे सुखाने की," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही.

डबे बंदरात राहिले. आईनं बाकीच्या वस्तू ज्या क्रमानं निघाल्या त्याच्या उलट क्रमानं परत भरल्या. लुंगी सगळ्यांत वर. डब्यांच्या जागी तिनं आपली शाल घातली, बॅगेचा आकार बदलू नये म्हणून. मी मदत करायला हात पुढं केला तर ती म्हणाली, "असू दे. ऱ्हाऊ दे." तेवढंच.

जहाजाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक हॉटेल घ्यायचं, त्याच्यावर तीन लग्नाचे हॉल ठेवायचे आणि ते पाण्यात ढकलायचं. माणसं पाण्याकडे पाठ करून पोहण्याच्या तलावात उभी राहत. तात्यांनी पहिल्याच जेवणात सगळे पदार्थ घेऊन बघितले, त्यातल्या एकाचंही नाव त्यांना कळलं नाही, आणि भाकरी नाही म्हणून ते दुःखी झाले. ते दुःख विसरायला त्यांनी परत वाढून घेतलं. ऋषिराजला पहिल्या रात्रीपासून जहाज लागलं. भेट देणाऱ्याला भेट लागणं यात काव्यात्म न्याय होता, पण तो इतका पिवळा पडला होता की मला त्याचा आनंद घेता आला नाही. मी त्याला लिंबू चिरून दिलं.

आई कठड्याशी बसून असायची. "एवढं पाणी," ती एकदा म्हणाली, "आन उसाला एक थेंब उपेगाचा न्हाई." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "उत्कर्षा, तू ठरव."

"काय?"

"जागा. ह्यांनी काय ठरवलं असतं त्ये. ही दोघं आपापलंच सांगत्यात. आन उतरायचं बी तूच. ऋषी उलट्या काढतोय, भावजींचं गुडघं गेल्यात. कुणी उतरल्याबिगर मी ही पिशवी मोकळी करायची न्हाई. तशीच परत न्हीन आन तशीच दारामागं ठेवीन."

मी म्हणणार होते की मला जमणार नाही.

"तुला काय, तुला भ्या न्हाई," आई म्हणाली.

"बघू," मी म्हणाले. आबांचं "उद्या सांगतो" निदान खरं तरी असायचं.

बेटाशी जहाज थांबलं तेव्हा पाण्याचा रंग असा होता की खोटा वाटावा. छोट्या होड्यांनी आम्हाला जेट्टीवर उतरवलं. ती तात्यांची जागा, त्यामुळे तात्या मालकासारखे पुढं झाले.

"बघा. हितनंच उडी टाकली असती त्यांनी."

पायऱ्या होत्या. पाणी खोल, हिरवं, तळ न दिसणारं. होड्या येत होत्या, डिझेलचा वास होता, आणि पायरीपायरीवर माणसं, दोरखंड, माशांची टोपली. आई उभी राहिली तिथे तिला दोनदा बाजूला सरकावं लागलं. एका खलाशानं तिला हातानं खूण केली, पुढं चला. मी पाण्याकडे बघायचं म्हणून बघितलं. आणि एक पायरी वर चढले.

"नको," मी म्हणाले.

"का?"

"नको, तात्या."

रिक्षा करून दीपगृहाला गेलो. ऋषिराज रिक्षातून उतरला नाही, आतूनच म्हणाला, "तारे बघ तू. सगळ्यांनी तारे दिलेत." तारे देणारे हजर होते. ते समुद्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. खाली काळे, धारदार खडक, आणि त्यावर लाट फुटून परत जाताना असा आवाज करत होती की कुणीतरी घसा खाकरतंय. आईनं एका खडकावर टेकायचा प्रयत्न केला आणि हात झटकत उठली. तळव्याला खरचटलं होतं. तिचे गुडघे गेली काही वर्षं जमिनीवर बसू देत नाहीत. जेवायलाही ती खुर्चीवर बसते, पूजेलाही चौरंगावर. खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागतात.

मी तिच्या तळव्याकडे बघत उभी राहिले.

तितं बसायला काय हाय.

आबांनी ते दोनदा विचारलं होतं. तात्यांना विचारलं, ऋषिराजला विचारलं. आम्ही सगळे पाण्याबद्दल बोलत होतो: किती खोल, किती स्वच्छ, पोवळी कुठे, उडी कुठून. आम्ही सगळे त्या विहिरीत पडून वर बघत शिकलेली माणसं. आबा तेवढे काठावर बसलेले. पाव्हण्यांच्या गावी गेले की ते विहीर बघायला जात आणि पाण्यात डोकावायच्या आधी काठ बघत. आम्ही हसायचो. त्यांना समुद्रात उतरायचं होतं, आणि दोर आई धरणार होती, आणि आईला जमिनीवर बसता येत नाही. एवढा साधा हिशेब. मला भरमसाट पुस्तकं वाचून तो दोन जागा हिंडून झाल्यावर कळला.

"शाळेमागं," मी म्हणाले.

"तिथं काय हाय?" तात्या म्हणाले. "म्हशी बसवायचं पाणी."

"चला तर."

शाळा भरलेली होती. आतून पोरांचा एका सुरातला आवाज येत होता, पाढे असावेत. भाषा कळली नाही तरी चाल कळली. मागे किनारा होता. पाणी खरंच उथळ, पारदर्शक, थोड्या अंतरापर्यंत पांढरी वाळू, आणि त्यापुढे एकदम निळं. काठाला सिमेंटचा एक जुना चौथरा होता, पूर्वी होड्या बांधायचा असावा. बरोबर खुर्चीएवढा उंच. त्यावर माडाची सावली होती.

आई काही न विचारता तिथे जाऊन बसली. पाय जमिनीला टेकले. तिनं किटबॅग मांडीवर घेतली, आजूबाजूला बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मी पाण्याकडे वळले.

"हीच," ती म्हणाली. "ह्येच ठरवलं हुतं त्यांनी."

"तुमाला काय सांगितलं व्हतं का दादांनी?" तात्यांनी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे?"

तात्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उभे राहिले आणि फोनवर कुणाला तरी सांगू लागले की आम्ही समुद्रात उतरलो आहोत. ऋषिराज माडाला टेकून बसला. त्याचा रंग जरा सुधारला होता. त्यानं जहाजावरून आणलेलं नारिंगी जाकीट माझ्यापुढं धरलं, आणि मी ते घातलं. रेनकोट घालून आंघोळ. आबांनी बघितलं असतं तर गावभर सांगितलं असतं.

आईनं चेन उघडली. लुंगी काढून बाजूला ठेवली, मग बनियन, भडंगाचा पुडा. भडंग तिनं ऋषिराजकडे दिलं आणि त्यानं खाल्लंही. काच आणि नळी माझ्या हातात दिली. काचेच्या कडेला विहिरीतल्या शेवाळाचा एक वाळका धागा चिकटलेला होता. मी तो काढला नाही. कासरा तिनं माझ्या कमरेला बांधला, आबा बांधायचे तशीच गाठ, मागे, कण्याच्या जरा डावीकडे.

"जा," ती म्हणाली. "लांब जाऊ नगस. दोर सपला की थांब."

मी गेले. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं, मग काही पावलं तिथेच राहिलं. तात्यांचं म्हशींचं माप बरोबर होतं. छातीशी आलं तेव्हा मी काच डोळ्यांवर घेतली, नळी दातांत धरली आणि पालथी पडले.

खाली वाळू होती आणि वाळूवर माझीच सावली. श्वास नळीतून इतका मोठ्यानं येत होता की कुणी दुसरंच शेजारी धापा टाकतंय असं वाटावं. हिरवट गवत हलत होतं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्यातून चालले होते, कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे, घाई आणि टापटीप. मला वाटलं, आबा असते तर वर मान काढून म्हणाले असते, मासं हायत, बादली न्हाई.

आणि मग वाळू संपली. तळ एकदम खाली गेला, निळा झाला, नंतर निळाही राहिला नाही. कमरेचा कासरा ताणलेला होता तो जरासा सैल पडला. कदाचित मीच मागे सरकले असेन, कदाचित आईनं हात बदलला असेल. पण तो सैलपणा मला ओळखीचा होता. कण्याच्या डावीकडे, तसाच. पाय खाली गेले आणि त्यांना काही लागलं नाही. जाकीट मला वर धरून होतं, ते मला कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

नळी तोंडात असताना माणसाला बोलता येत नाही. माझ्यासारखीला ही फार चांगली सोय आहे. अजून थोडा वेळ मी तशीच पडून राहिले असते तर मुकाट पार झाले असते, आणि काठावरचं माझं घर पुढची कित्येक वर्षं ते सांगत राहिलं असतं.

मी मान वर काढली. नळी थुंकली. खारं पाणी तोंडात गेलं. काठ दिसला, चौथरा दिसला, त्यावर दोन्ही हातांनी टोक धरून बसलेली आई. पाढे थांबले होते.

"आबा," मी म्हणाले. आवाज घोगरा आला म्हणून परत म्हणाले, मोठ्यानं, तात्यांनी फोन खाली केला एवढ्या मोठ्यानं. "आबा, दोर सोडू नगा. मला भ्या वाटतंय. आबा, दोर सोडू नगा."